दुसऱ्या प्रकरणाचं काय करायचं? तापी खोऱ्याच्या निमित्ताने

पुरातत्त्वातला कुठलाही सर्वेक्षणाचा प्रबंध उघडा. पहिलं प्रकरण प्रस्तावना आणि दुसरं ‘पर्यावरणीय पार्श्वभूमी’. त्यात काय असतं ते न वाचताही सांगता येतं: अक्षांश-रेखांश, जिल्ह्याच्या सीमा, नद्या, डोंगर, मातीचे प्रकार, सरासरी पाऊस, कमाल-किमान तापमान, झाडांची यादी, प्राण्यांची यादी. मग तिसऱ्या प्रकरणापासून खापरं, दगडी हत्यारं आणि कालगणना सुरू होते. पाऊस आणि झाडं परत कधीच भेटत नाहीत. भेटलीच तर थेट शेवटच्या प्रकरणात, ‘हवामान बदलल्यामुळे वस्ती उठली’ या वाक्यात.

माझंही दुसरं प्रकरण असंच होतं. एम.एस्सी. भूगर्भशास्त्रात केल्यामुळे मला वाटायचं, बाकी काही नाही तरी हे प्रकरण आपल्या हातचं आहे. तीस पानं लिहिली. गॅझेटियर, जनगणनेची जिल्हा पुस्तिका, पावसाचे तक्ते, दोन सुंदर नकाशे. मार्गदर्शक सरांनी वाचलं आणि एकच विचारलं, “हे सगळं काढून टाकलं तर तुझ्या निष्कर्षात काय बदलेल?” उत्तर ‘काहीच नाही’ असं होतं. ते मला तेव्हा बोलवलं नाही, पण ती तीस पानं बाजूला ठेवावी लागली.

त्यानंतर खानदेशातलं आणि खानदेशाबाहेरचं जुनं काम मी हा एकच प्रश्न घेऊन परत वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. जे आत्ता सिनॉप्सिस लिहिताहेत किंवा पेटच्या तयारीत आहेत, त्यांना निदान माझ्याइतकी पानं फेकावी लागू नयेत.

आधी थोडं बाहेरचं: काश्मीर

पार्श्वभूमी नुसती निरुपयोगी असती तर एवढी काळजी नव्हती. ती कधीकधी निष्कर्ष चुकवते. याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण उंच डोंगरातलं आहे. १९३५ मध्ये डी टेरा आणि पॅटरसन यांची मोहीम काश्मीर खोऱ्यात आणि पोटवार पठारावर आली. आल्प्स पर्वतात चार हिमयुगं मानली जात होती, तशीच यांनी हिमालयात लावली. त्यांची सांगड सोन नदीच्या पायऱ्या-पायऱ्यांसारख्या दिसणाऱ्या गाळाच्या टप्प्यांशी घातली आणि त्या टप्प्यांवरून दगडी हत्यारांचा क्रम ठरवला. पुढे नर्मदेचे थरही याच चौकटीत बसवायचा प्रयत्न झाला. १९३९ साली ग्रंथ निघाला आणि आपल्याकडच्या अश्मयुगाच्या अभ्यासावर त्याची छाप दीर्घकाळ राहिली. १९८० च्या दशकात रेंडेल आणि डेनेल यांनी सोन खोऱ्यात परत काम केलं तेव्हा दिसलं की ज्यांना नदीचे टप्पे म्हटलं गेलं, ते खरे टप्पेच नाहीत. ते झिजेतून तयार झालेले उंचवटे आहेत. पायाच सरकला म्हटल्यावर त्यावर रचलेला हत्यारांचा क्रमही गेला.

दुसरं उदाहरण श्रीनगरजवळचं बुर्झहोम. तिथे नवाश्मयुगीन लोकांनी जमिनीत खोदलेले मोठे खड्डे सापडले. खोरं उंचावर, हिवाळा कडक, म्हणजे ही थंडीपासून बचावाची खड्डेघरं, असा अर्थ लावला गेला आणि तो पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. नेट-सेटच्या गाइडमध्येही तो तसाच आहे. १९९७ मध्ये कनिंगहॅम आणि सदरलँड यांनी साधी शंका काढली: ही घरं कशावरून? धान्य साठवायची पेवं का नाहीत? कदाचित हिवाळ्यात लोक खोरं सोडून खाली जात असतील आणि धान्य जमिनीत पुरून ठेवत असतील. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे असा माझा दावा नाही. पण एक गोष्ट त्यांनी उघडी केली. ‘इथे थंडी असते’ हे वाक्य पार्श्वभूमीत होतं, आणि तेच गुपचूप पुरावा होऊन बसलं होतं.

आता गंमत बघा. आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या कावठे इथे डेक्कन कॉलेजने १९८० च्या दशकात उत्खनन केलं. इसवी सन पूर्व २००० च्या आसपासची, सावळदा संस्कृतीची ही वस्ती. विस्तार मोठा, पण वस्तीचा थर पातळ. आणि इथेही खड्डेघरं. इथे अर्थ लावला गेला तो अर्ध-भटक्या, थोडा काळ राहून पुढे जाणाऱ्या लोकांचा. काश्मिरात खड्डा म्हणजे थंडी, खानदेशात खड्डा म्हणजे भटकेपणा. दोन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पण पार्श्वभूमी बदलली की त्याच अवशेषाचा अर्थ बदलत असेल, तर पार्श्वभूमी किती काळजीने लिहायला हवी याचा विचार करा.

आजचा खानदेश म्हणजे तेव्हाचा खानदेश नव्हे

आता घरी येऊ. तापी मुलताईजवळ उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतजवळ समुद्राला मिळते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, मध्ये गाळाने भरलेलं लांबट खोरं. दक्षिणेकडून गिरणा, पांझरा, वाघूर यांसारख्या नद्या तिला मिळतात. पाऊस जेमतेम, धुळ्याकडे कमी, नवापूरकडे भरपूर. काळी कसदार जमीन, कापूस आणि केळी. एवढं सगळ्यांच्या दुसऱ्या प्रकरणात असतं. माझ्यातही होतं.

अडचण अशी की यातला निम्मा भाग ‘पर्यावरण’ नाहीच, तो इतिहास आहे. रावेर-यावलची केळी विहिरी, वीज आणि ठिबकवर उभी आहे. हतनूरचं धरण विसाव्या शतकातलं. पांझरेवरची फड पद्धत, म्हणजे नदीवर ओळीने बंधारे घालून गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायचं, ही काहीशे वर्षांची व्यवस्था आहे. आज पांझराकाठी जी हिरवळ दिसते ती माणसांनी केलेली आहे. ती बघून ‘नदीकाठी सुपीक जमीन असल्याने ताम्रपाषाणयुगीन लोकांनी इथे वस्ती केली’ असं लिहिणं म्हणजे परिणामाला कारण म्हणणं.

याहून मोठा धक्का अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या सांध्यावर बसतो. १८०२ ची लूट, त्यानंतरचा १८०३-०४ चा दुष्काळ, आणि पुढची अंदाधुंदी. १८१८ मध्ये इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा असंख्य गावं ओस होती आणि शेतांवर जंगल चढलं होतं. १८८० चं खानदेश गॅझेटियर वाचा. आपण झाडा-प्राण्यांची यादी उचलायला ते उघडतो, पण त्यात वाघांचे, ओसाड गावांचे आणि पुन्हा लागवडीखाली आणलेल्या जमिनीचे उल्लेख आहेत. म्हणजे त्या गॅझेटियरचं ‘नैसर्गिक’ जंगलसुद्धा काही ठिकाणी सोडून दिलेल्या शेतांवर उगवलेलं होतं. दोनशे वर्षांत हा प्रदेश जंगल ते कापूस ते केळी असा फिरला. मग आजच्या सरासरी पावसाच्या तक्त्यावरून चार हजार वर्षांपूर्वीचं चित्र कसं काढायचं?

सर्वेक्षणात जागा दिसतात, तशाच लपतातही

माझ्या मते दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं काम हे असायला हवं: जमिनीने पुरावा कसा राखला आणि कसा गिळला, हे सांगणं. सर्वेक्षण म्हणजे शेतं, नाले, टेकाडं पायी फिरून पृष्ठभागावरची खापरं आणि हत्यारं नोंदवणं. पण पृष्ठभाग किती जुना आहे हे माहीत नसेल तर ‘इथे काही नाही’ या नोंदीला अर्थ राहत नाही.

तापीच्या मुख्य पात्रालगत गाळाची जाडी प्रचंड आहे आणि नदीने तो गाळ कापून खोल घळी केल्या आहेत. गाळाखाली गेलेली वस्ती पायी फिरून दिसणार नाही. घळीने खाल्लेली तर उरणारच नाही. उलट उपनद्यांच्या वरच्या भागात, जिथे खडक जवळ आणि माती पातळ, तिथे छोट्या जागाही चटकन दिसतात. आता नकाशावर उपनद्यांकाठी ठिपके जास्त आणि मुख्य नदीकाठी कमी आले तर त्याचे दोन अर्थ होतात. एक, लोकांना छोट्या नद्या आवडायच्या. दोन, मोठ्या नदीकाठच्या जागा आपल्याला दिसल्याच नाहीत. गोमाई आणि तापीच्या संगमाजवळचं प्रकाशे आठवा. बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये तिथे खणलं तेव्हा ताम्रपाषाणयुगापासून पुढच्या काळापर्यंतचे थर एकावर एक मिळाले. ते टेकाड उंच राहिलं म्हणून आपल्याला माहीत झालं. जी टेकाडं उंच राहिली नाहीत त्यांचं काय? ठिपक्यांच्या नकाशासोबत गाळाचा आणि झिजेचा नकाशा नसेल, तर त्या ठिपक्यांवरून लोकांची आवडनिवड ठरवू नये असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट मला कुठल्या पुस्तकात नाही, शेतात कळली. गिरणेच्या बाजूला एका शेतात भरपूर जुनी खापरं मिळाली. मी जीपीएसवर जागा टिपली, वहीत ‘नवी जागा’ लिहिलं, मनातून खूश. बांधावर बसलेले बाबा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, “भाऊ, काय शोधी राहिला?” मी खापरं दाखवली. ते हसले. “ही माती इथली नाही भाऊ. गावाच्या पांढरीतून आमच्या वडिलांनी बैलगाड्यांनी आणून टाकेल आहे. खत म्हणून.”

ज्यांना गावाकडचे शब्द माहीत आहेत त्यांना सांगायला नको: काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यान्‌पिढ्या राख, शेण, भिंतींची माती साचून वस्तीची जमीन पांढुरकी होते आणि तिच्यात खताचा गुण येतो. जुन्या ओसाड गावाची पांढरी शेतकरी उचलून काळीत टाकतात. त्यासोबत खापरंही जातात. माझी ‘नवी जागा’ म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी जागेचं स्थलांतरित खत होतं. वहीतली नोंद मी खोडली नाही, त्यापुढे कारण लिहिलं. आता नव्या शेतात गेलो की मी आधी विचारतो, “बाबा, इथे पांढरी टाकली होती का?” आणि टाकली असेल तर कुठली? कारण खरी जागा तिथे आहे, आणि ट्रॅक्टर-ट्रॉली आल्यापासून ती भराभर संपतेय. पूर्वी दहा वर्षांत जेवढं टेकाड जायचं तेवढं आता जेसीबीने एका उन्हाळ्यात जातं. हीसुद्धा पर्यावरणीय पार्श्वभूमीच आहे, पण ‘माती: काळी, मध्यम ते खोल’ या ओळीत ती मावत नाही.

दुष्काळ नावाचं हुकमी उत्तर

आता शेवटच्या प्रकरणातल्या त्या वाक्याकडे येऊ. महाराष्ट्रात याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातलं इनामगाव. १९६८ ते १९८३ इतकी वर्षं चाललेलं उत्खनन आणि १९८८ चा अहवाल. एकाच वस्तीचा इतका बारीक अभ्यास आपल्याकडे क्वचितच झालाय, आणि आपण सगळे त्याच्या खांद्यावर उभे आहोत, हे आधी कबूल करतो. तिथे इ.स.पू. १००० नंतरच्या उत्तर जोर्वे काळात चौकोनी मोठ्या घरांऐवजी छोट्या गोल झोपड्या दिसतात आणि एकूण जगणं हलाखीचं झाल्यासारखं वाटतं. ढवळीकरांनी याचं कारण पाऊस कमी झाल्यात शोधलं. ‘महाराष्ट्राची कुळकथा’मुळे हे चित्र मराठी वाचकांच्याही परिचयाचं झालं.

माझी तक्रार दुष्काळाबद्दल नाही, रचनेबद्दल आहे. झोपड्या लहान झाल्या, म्हणून दुष्काळ पडला असावा. आणि दुष्काळ पडला, म्हणून झोपड्या लहान झाल्या. हे वर्तुळ तोडायचं तर पावसाचा पुरावा वस्तीच्या बाहेरून यायला हवा. त्या काळात असा जवळचा पुरावा फारसा हाताशी नव्हता. आज आहे.

तो आपल्या शेजारीच आहे. लोणार सरोवर जळगावपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर. तळाच्या गाळाचे लांब नमुने काढून २०१४ मध्ये प्रसाद आणि सहकाऱ्यांनी गेल्या दहा-अकरा हजार वर्षांच्या मान्सूनचा आलेख मांडला. सरोवर आटत गेलं की पाण्यातले क्षार साचतात आणि गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक तयार होतात. गाळात ते कुठे मिळतात यावरून कोरडा काळ ओळखता येतो. त्यांना दीर्घ दुष्काळाचे दोन टप्पे दिसले: आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी.

हे आकडे पुरातत्त्वाशेजारी ठेवा. उत्तर जोर्वे काळ, म्हणजे इ.स.पू. १००० ते ७००, या दोन्ही टप्प्यांत बसत नाही. याचा अर्थ तेव्हा इनामगावला दुष्काळ पडलाच नाही असा नाही. लोणार लांब आहे, आणि दहा-वीस वर्षांचा दुष्काळ असल्या आलेखात हरवू शकतो. पण तीनशे वर्षांच्या बदलाचं कारण म्हणून दुष्काळ सांगायचा तर आता जास्त पुरावा द्यावा लागेल. कावठ्याचं उलट. इ.स.पू. २००० चा काळ पहिल्या कोरड्या टप्प्याच्या शेपटीला येतो. पातळ थर, थोडा काळ टिकलेली वस्ती आणि कोरडं हवामान यांचं जुळतंय असं लगेच वाटतं. मलाही वाटलं. मग दोन्हीकडच्या कालगणनेतली शे-दीडशे वर्षांची ढील लक्षात घेतली. तेवढ्या ढिलीत ही वस्ती दुष्काळाच्या आतही बसते आणि दुष्काळ संपल्यावर नव्याने आलेल्या लोकांचीही ठरू शकते. दोन अगदी उलट कथा, आणि पुरावा तोच.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते दुसऱ्या टप्प्याने. २००० ते ६०० वर्षांपूर्वी, म्हणजे साधारण इसवी सनाच्या सुरुवातीपासून चौदाव्या शतकापर्यंत. लोणारच्या हिशेबाने हा दीर्घ दुष्काळाचा काळ. याच काळात, पाचव्या शतकात, वाघूर नदीच्या वरच्या अंगाला अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी कोरली आणि रंगवली गेली. याच काळात, तेराव्या शतकाच्या सुरुवातीला, चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचा शिलालेख आहे. कोरडं हवामान म्हणजे ऱ्हास हे सूत्र खरं असतं तर अजिंठा नसायला हवं होतं. पाऊस कमी झाला तरी तलाव, व्यापार, राज्यव्यवस्था, पिकांची निवड यांवर सगळं अवलंबून राहतं. हवामान माणसांपुढे अडचण उभी करतं. तिचं पुढे काय झालं हे मात्र जमिनीत शोधावं लागतं, पावसाच्या आलेखात नाही.

चांगलं उदाहरण घरचंच

नुसती टीका नको. त्याच पाटण्याचं एक जुनं उदाहरण मला आदर्श वाटतं. एस. ए. साळी यांनी १९७०च्या दशकात तिथे केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेषा कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. आता हा दागिना आहे आणि पर्यावरणाचा पुरावाही आहे. शहामृग दाट जंगलात राहत नाही. त्याला मोकळं, गवताळ रान लागतं. आज गौताळ्याच्या डोंगराखाली पावसाळ्यात उभं राहिलं तर शहामृगाची कल्पनाही करवत नाही. म्हणजे इथे आजचा तक्ता पुढे न करता वस्तूनेच तेव्हाचं रान सांगितलं. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीच्या संशोधकांनी भारतात सापडलेल्या अशा कवचांतून डीएनए काढून ती शहामृगाचीच असल्याचं दाखवलं. तरीही प्रश्न उरतात: कवच जवळच मिळालं की दुरून आणलं? ताजं होतं की आधीपासून पडलेलं? हे प्रश्न विचारता येतात, कारण पुरावा समोर आहे. ‘हवामान: उष्ण व कोरडे’ या ओळीला काय विचारणार?

तर दुसरं प्रकरण लिहिताना

मी आता ते प्रकरण तीन प्रश्नांभोवती परत लिहितोय. माझ्या भागातल्या जमिनीने काय राखलं, काय पुरलं आणि काय वाहून नेलं? जो काळ मी अभ्यासतोय त्या काळच्या पर्यावरणाचा स्वतंत्र पुरावा कुठला, किती लांबचा, आणि त्याच्या तारखांमध्ये ढील किती? आणि आज मला जे ‘नैसर्गिक’ दिसतंय, त्यातलं माणसांनी कधी आणि कसं केलं? प्रत्येक परिच्छेदापुढे पेन्सिलने लिहितो की हा मुद्दा पुढच्या कुठल्या प्रकरणात लागणार आहे. जिथे काही लिहिता येत नाही तो परिच्छेद कापतो. झाडांची यादी गेली. पावसाचा तक्ता परिशिष्टात गेला. गाळाचा आणि घळींचा नकाशा आत आला, आणि ‘पांढरी टाकलेली शेतं’ असा एक नवा रकाना सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये आला. तो रकाना भरायला जीपीएस लागत नाही. बांधावर थोडा वेळ बसावं लागतं आणि आधी विचारावं लागतं.

तीस पानांची बारा झाली. सरांनी अजून वाचलेली नाहीत. पण त्यांचा तो प्रश्न मी स्वतःला परत विचारला, आणि या वेळी उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं नाही. ही बारा पानं काढली तर माझ्या ठिपक्यांच्या नकाशाचा अर्थच लावता येणार नाही.